अनसेटल

नाम ग्वांगसू.
त्यांच्यात आडनाव आधी, म्हणजे नाम.
पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं : नाम म्हणजे काय?
आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.
तो हसला नाही. मीच हसले, एकटी.

शिरोलीच्या फाउंड्रीत मशीन बसवायला आलाय, आठ महिने.
मंगळवार, शुक्रवार, संध्याकाळी सात,
राजारामपुरी, खाली झेरॉक्स, वर मी.
येताना भडंगाचा पुडा आणतो.
तिखट त्याला लागत नाही, मलाच लागतं.

आजचा शब्द : अनसेटल.
म्हटलं, अस्वस्थ करणं.
त्याने फोनमध्ये पाहिलं, वहीत रेघा आणि गोल काढले,
वाचलं : बुरान.
बुल म्हणजे नाही, आन म्हणजे शांती,
जोडून म्हणताना ल चा र होतो.
म्हटलं, आमचंही तसंच हो,
स्वस्थ म्हणजे आपल्या जागी उभा असलेला,
आणि त्याच्या आधी एक अ.
तिन्ही भाषांनी नकार पुढेच काढून ठेवलेला,
उंबऱ्याबाहेर चप्पल काढावी तसा.

पण वाक्य कर म्हटलं की म्हणतो,
आय ॲम अनसेटलिंग.
नाही हो नाम. असं म्हटलं तर अर्थ होतो
की तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाची घालमेल होते.
तो जरा थांबला.
म्हणाला, येस. कॅन्टीन. मी बसतो. टेबल रिकामं.

यावर व्याकरणात नियम नाही.

त्याच्या पँटच्या दुमडीतून दर वेळी
चिमूटभर काळी वाळू सांडते माझ्या फरशीवर, साच्यातली.
ती उचलली, पाण्याच्या ग्लासात टाकली.
बघा. खाली बसली. सेटल.
चमचा फिरवला. अन.
वाळूतला माणूस तो, लगेच कळलं त्याला.
विचारलं फक्त एवढंच : चमचा कोण?

तेच तर.
आम्ही म्हणतो, मला कसंतरी होतंय.
तेही असंच काहीसं म्हणतात म्हणे.
होतंय. आपोआप. कोणी केलं नाही.
क्रियापद दोघांचंही वाक्याच्या शेवटी,
तिथं पोचेपर्यंत करणारा गल्लीच्या तोंडाशी गेलेला असतो.
इंग्रजी सोडत नाही.
पहिल्याच जागेवर उभं करते त्याला, नाव सांग म्हणते.

त्याने तीन वाक्यं लिहिली, जीभ दातांत धरून.
भट्टी बंद होते तेव्हाची शांतता मला अनसेटल करते.
मुलीचा मेसेज, नुसता ओके, मला अनसेटल करतो.
वॉचमन शिंगटे रोज विचारतात जेवला का,
काल विचारलं नाही, ते मला अनसेटल करतं.
तिसऱ्यात चूक होती.
मी लाल पेन उचललं आणि टोपण लावलं.

मग त्याची पाळी.
टीचर, तुम्हाला काय अनसेटल करतं?

काही नाही, मी म्हटलं.
इंग्रजीत म्हटलं, धडा चालू होता.
नथिंग अनसेटल्स मी.

त्याने वहीत लिहून घेतलं.
नथिंगखाली रेघ मारली,
शिकवलं होतं तशी, कर्त्याला एक सरळ रेघ.
मग वर बघून, अगदी अभ्यासू चेहऱ्याने :
हा नथिंग, रोज येतो?

खाली झेरॉक्सवाल्याने शटर ओढलं.
म्हटलं, मंगळवार-शुक्रवार सोडून.
हे मराठीतच म्हटलं, त्यामुळे त्याला कळलं नसावं.
किंवा असेल.
नवी कोल्हापुरी घालून तो जिना उतरला,
अजून पायाला बसली नाहीय, लंगडतो थोडा,
कर्रकर्र वाजत राहिलं कोपऱ्यापर्यंत.

ग्लास खिडकीत आहे.
वाळू कधीच खाली बसली.
चमचाही आतच आहे, मी काढला नाही.